पेन्सिलने पटपट फुलं काढायची आहेत, पण एकेका फुलाला तास जातो. काय चुकतंय?

दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं आंबतं, म्हणून विरंगुळा म्हणून फुलांची स्केचेस काढायला घेतली. पण तास-दीड तास घालवूनही फूल काही जमत नाही, उलट चिडचिड वाढते, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही चुरगळून टाकलेला कागद न बघताच सांगतो : पहिल्या दोन पाकळ्या झकास असणार, तिसरी बरी, आणि शेवटच्या पाकळीला जागाच उरलेली नसणार.

माझ्याकडे अशा जास्वंदींनी भरलेली एक अख्खी वही आहे, म्हणून हे ठामपणे म्हणतोय.

गडबड साध्या हिशोबाची आहे. जास्वंदीला पाच पाकळ्या. समोरून पाहिलं तर एकीच्या वाट्याला ७२ अंश येतात. पहिली पाकळी आपण जीव ओतून काढतो, त्यामुळे ती जरा ऐसपैस होते, समजा ८० अंशांची. पुढच्या तिघीही तिच्याच वळणावर जातात. चौघींनी मिळून ३२० अंश खाल्ले, पाचवीला उरले ४०. मग ती दाराच्या फटीत सापडल्यासारखी दिसते, आणि आपण खोडरबर हातात घेतो. तुमचा तास फूल काढण्यात जात नाहीये, पाचव्या पाकळीसाठी जागा करण्यात जातोय.

म्हणून पाकळीपासून सुरुवात करूच नका. आधी फूल कुठे बघतंय ते काढा. देठाची दिशा पकडून फुलाच्या मध्यातून बाहेर जाणारी एकच रेघ मारा, तो फुलाचा आस. फूल थेट तुमच्याकडे तोंड करून असेल तर त्याचा घेर गोल दिसेल, नाहीतर लंबवर्तुळ. हे लंबवर्तुळ वाटेल तसं कलत नाही. त्याची आखूड बाजू नेहमी आसाच्या रेघेवर पडते. एवढं एक सांभाळलं तरी फूल देठावर चिकटवल्यासारखं न दिसता देठातून उगवल्यासारखं दिसतं. मग त्या घेरावर पाकळ्यांची टोकं जिथे येतात तिथे नुसत्या खुणा करा. पाच खुणा, पाच सेकंद. वाटणी आधीच झाली, आता भांडण नाही. आणखी एक : जी पाकळी तुमच्या रोखाने आलेली असते ती आखूड दिसते. ती आखूडच काढा. ‘पाकळ्या सगळ्या सारख्याच असतात’ हे ज्ञान हाताच्या आड येतं, त्याला थोडा वेळ बाहेर बसवा.

यातली खरी गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. जास्वंदीच्या पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात हे दिसत होतं, पण माझ्या जुन्या वहीत एखादी पाकळी सगळ्यांच्या वर आणि एखादी सगळ्यांच्या खाली आहे. एकदा फूल नाकासमोर धरून बघितलं, तर प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या खाली आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या वर. पाचही जणींचं तसंच. कोणी वरचढ नाही, कोणी दबलेली नाही, आणि त्यामुळेच ते फूल जागच्या जागी गरकन फिरल्यासारखं वाटतं. कळीही तशीच पिळलेली असते. हे कळल्यावर मी पाकळीची पूर्ण बाह्यरेषा काढणंच सोडून दिलं. वरची कड तेवढी काढतो, खालची आपोआप झाकली जाते. रेघा निम्म्या झाल्या आणि फूल जास्त जास्वंदीसारखं दिसायला लागलं. मधली ती लांब दांडी एका झटक्यात ओढायची, तिच्यावर पुंकेसरांचे ठिपके, आणि टोकाला पाच टपोरे गोळे. दांडी रेंगाळत काढली तर मेलेल्या गांडुळासारखी दिसते, हा स्वानुभव.

आता वेळेचं. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा आणि तो पालथा ठेवा. दोन मिनिटं झाली की रेघ अर्धी असली तरी पेन्सिल उचलायची, फूल जरा फिरवायचं आणि शेजारी पुन्हा काढायचं. तुम्हाला वाटेल, घाईत कसला आलाय आराम? मलाही तसंच वाटायचं. पण डोकं शिणतं ते रेघ काढून नाही, काढलेल्या रेघेला नावं ठेवून. दोन मिनिटांत नावं ठेवायला सवडच मिळत नाही. डोळे फुलावरून फिरतात, हात मागोमाग जातो, आणि कामावरचं ते अडलेलं प्रकरण डोक्यात डोकवायला येतं तेव्हा त्याला कोणी दार उघडत नाही. खोडरबर मात्र दुसऱ्या खोलीत ठेवायचं. चुकीच्या रेघेशेजारी बरोबर रेघ मारा, दोन्ही राहू देत; पटकन काढलेल्या चित्रात त्या दुहेरी रेघा शोभतातच.

हात फारच आखडला असेल तर पहिलं चित्र कागदाकडे अजिबात न बघता काढा. नजर फुलाच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची, पेन्सिल उचलायची नाही. जे काही तयार होईल ते बघून हसू येईल. हसू आलं की हात सुटतो.

छटा भरण्यात वेळ जातोय का? मग त्या भरूच नका. एल्सवर्थ केली (१९२३–२०१५) हा अमेरिकन चित्रकार सपाट, भडक रंगांच्या अमूर्त चित्रांसाठी ओळखला जातो, पण तो आयुष्यभर पानाफुलांची रेखाटनंही करत राहिला. त्यातली पुष्कळशी नुसत्या पेन्सिलच्या बाह्यरेषेतली, छटेचं नाव नाही. २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या रेखाटनांचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं होतं. मला स्वतःला फुलाच्या पोटातला अंधार तेवढा गडद करायला आवडतो, कारण त्या एका काळ्या ठिपक्याने खोली येते. बाकी कागद कोरा.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण लोक त्यातच अडकतात. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. माती जास्त तर पेन्सिल कडक (एच), ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी (बी). तुम्हाला एक २बी पुरे, हौस असली तर गडद जागांसाठी ४बी. टोक लांब ठेवा, म्हणजे उभी धरली की बारीक रेघ आणि आडवी धरली की रुंद पट्टा मिळतो. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरू नका, मागे धरा. मनगटाऐवजी कोपरातून हात फिरेल. कागद पाठकोरे घ्या. महागडी जाड वही समोर असली की प्रत्येक पान वाया जाईल अशी धास्ती बसते, आणि पानं वाया घालवणं हेच तर आपलं काम आहे.

सुरुवातीला सदाफुली उत्तम. सपाट, पाच पाकळ्या, मधे डोळा, भिरभिऱ्यासारखी. लिलीला सहा दिसतात, पण त्या तीन अधिक तीन असतात : आतल्या तीन रुंद, बाहेरच्या तीन अरुंद. आधी एक त्रिकोण, मग त्याच्यावर उलटा दुसरा, झालं. गुलबक्षी म्हणजे नुसतं लांब नळीचं नरसाळं, आणि ती दुपार कलल्यावर उमलते, म्हणजे काम संपवून बसणाऱ्यांना सोयीची. झेंडूच्या वाटेला मात्र इतक्यात जाऊ नका. तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्याच्या पाकळ्या मोजायला गेलात की पुन्हा दीड तास गेला. काढायचाच असेल तर चेंडू काढा, एक बाजू काळी करा आणि कडेला चार चुण्या द्या. गुलाबाबद्दल मी काही बोलत नाही, माझा अजूनही कोबी होतो.

फोटोवरून काढलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. फूल मिळतच नसेल तर चालेल. पण फोटो म्हणजे पुन्हा स्क्रीन, आणि तिच्यापासूनच तर तुम्ही पळताय. शिवाय फोटोतलं फूल तुम्ही मान कलवलीत तरी त्याच बाजूने बघत राहतं. त्यापेक्षा एक खरं फूल पाण्याच्या पेल्यात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी पेला थोडासा फिरवा. पाच वेळा फिरवलात की दहा मिनिटं होतात. सहाव्यांदा फिरवावासा वाटला तर खुशाल फिरवा, फक्त खोडरबर आणायला उठू नका.