टचस्क्रीनचा बिघाड: आधी कर्नलपर्यंत स्पर्श पोचतोय का ते बघा

तुमच्या दोन तक्रारी आहेत. लॅपटॉप स्लीपमधून उठवला की टचस्क्रीन अजिबात दाद देत नाही, आणि एरवी चालू असताना उजव्या कडेला कुणीतरी बोट लावल्यासारखे आपोआप क्लिक होतात. त्यापायी तुम्ही दोनदा लिनक्स नव्याने टाकलंत आणि आता डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलायच्या विचारात आहात. तेवढं करू नका. बहुतेक सगळ्या डिस्ट्रोंत कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा लिनक्सचा गाभा, तोच असतो; टचसाठी लिबइनपुट, म्हणजे स्पर्श आणि माउस हाताळणारी लायब्ररी, हीही तीच असते. पुन्हा इन्स्टॉल करण्यात दिवस जाईल आणि बिघाड कुठे आहे हे तरीही कळणार नाही. शिवाय मला या दोन तक्रारी एकाच कारणाच्या वाटत नाहीत, त्यामुळे त्या वेगवेगळ्या सोडवा.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाइप करा.)

बोट काचेवर टेकलं की काचेखालच्या बारीक तारांच्या जाळीतली धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते. टचचा कंट्रोलर ती मोजतो आणि आय-टू-सी (लॅपटॉपच्या आतल्या चिपांना जोडणारी वाहिनी) किंवा यूएसबीवरून कर्नलला कळवतो. कर्नलकडून लिबइनपुट, तिथून डेस्कटॉप आणि शेवटी तुमचा ब्राउझर. या साखळीत तपासायची सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे कर्नल. तिथे स्पर्श नीट पोचत असेल तर दोष वरच्या सॉफ्टवेअरमध्ये. पोचतच नसेल किंवा बोट न लावताही येत असेल, तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी काही सापडणार नाही.

हे बघायला इव्हटेस्ट हे छोटं साधन आहे. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून चालवलं की सगळ्या इनपुट उपकरणांची क्रमांकासह यादी येते. त्यात 'टचस्क्रीन' असा शब्द असेलच असं नाही. पुष्कळदा कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि पुढे काही आकडे एवढंच दिसतं. ओळखता आलं नाही तर 'लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस' चालवा आणि ज्याच्या क्षमतेपुढे 'टच' लिहिलंय ते घ्या. टचपॅडपुढे 'पॉइंटर' असतं, तिथे गल्लत करू नका.

आता यादीतला क्रमांक देऊन एंटर दाबा आणि एक बोट स्क्रीनवर टेकवून उचला. बोट टेकताच 'ट्रॅकिंग आयडी'ची ओळ एका नव्या आकड्यासह येते, मागोमाग एक्स आणि वायच्या जागा येतात, आणि बोट उचललं की तोच ट्रॅकिंग आयडी -१ होतो. हा -१ नीट बघा. तो आलाच नाही तर कंट्रोलरच्या लेखी बोट अजून काचेवरच आहे. मग डेस्कटॉपवर काहीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं आणि माउसचे क्लिकही विचित्र वागायला लागतात.

तुमच्या आपोआप होणाऱ्या क्लिकसाठी इव्हटेस्ट चालू ठेवून हात बाजूला घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. ओळी आपोआप येत असतील तर त्यातला एक्स वाचा. वाय बदलतोय पण एक्स जवळपास एकाच आकड्यावर अडकलाय, असं असेल तर जाळीच्या त्या एका उभ्या पट्ट्याला काहीतरी त्रास देतंय. मग क्रमाने हे करा: लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने कडा पुसा, स्क्रीन प्रोटेक्टर असेल तर काढा, चार्जर काढून फक्त बॅटरीवर बघा. चार्जरची पायरी टाळू नका. अर्थिंग नसलेल्या किंवा खराब चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट धारितेच्या मोजणीत मिसळतो आणि कंट्रोलरला खोटी बोटं दिसायला लागतात. चार्जर काढताच क्लिक थांबले तर दुसरा चार्जर लावून खात्री करा.

माझ्या स्वतःच्या घडी होणाऱ्या लॅपटॉपवर हाच प्रकार झाला होता. दोन आठवडे मी कर्नलच्या आवृत्त्या बदलत होतो, आणि प्रत्येक बदलानंतर तासभर बरं चालायचं म्हणून आशा वाटायची. एके दिवशी तो टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्यावर डुगडुगला. खालचं झाकण मधोमध फुगलं होतं. बॅटरी सुजली होती आणि घडी केली की तिचा दाब मागून थेट पॅनेलवर यायचा. बॅटरी बदलली आणि खोटे स्पर्श त्याच दिवशी थांबले. म्हणून मनापासून सांगतो, सपाट टेबलावर ठेवून तुमचा लॅपटॉप डुगडुगतो का, टचपॅड वर उचललं गेलंय का, झाकण पूर्ण मिटतं का, हे आजच बघा. सूज दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, जाणकाराकडून बदलून घ्या. त्यापुढे टचस्क्रीनचा प्रश्न दुय्यम आहे.

यातलं काहीच नसेल तर बिजागरीतून जाणारी केबल उरते. इव्हटेस्ट चालू ठेवून झाकण हळूहळू पुढेमागे करा. ठरावीक कोनातच ओळींचा पाऊस पडत असेल तर केबल किंवा तिचं कनेक्टर. 'एफडब्ल्यूयूपीडी' या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या साधनात टच कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिसतंय का तेही बघून ठेवा, काही मॉडेल्सना ते मिळतं. दुरुस्ती होईपर्यंत काम अडू नये म्हणून त्या उपकरणापुरता यूडेव्हचा (उपकरणांचे नियम सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहून 'लिबइनपुट इग्नोर डिव्हाइस'ची किंमत १ करा. टच बंद होईल, बाकी सगळं चालू राहील.

आता स्लीपचं. इथे मात्र दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला असायची शक्यता बरीच आहे. उठवल्यावर लगेच डीमेसेज (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघा. टच आय-टू-सीवर असेल आणि 'फेल्ड टु रीसेट डिव्हाइस' अशा अर्थाची ओळ दिसली, तर कंट्रोलर जागाच झालेला नाही. ड्रायव्हरचं अख्खं मॉड्यूल काढून परत घालायचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण टचपॅडही बहुधा त्याच ड्रायव्हरवर असतं आणि तेही सोबत जाईल. त्यापेक्षा एकट्या टचस्क्रीनला सोडवून पुन्हा जोडा. सिसएफएसमध्ये (उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या कर्नलच्या 'सिस' फोल्डरमध्ये) बस, आय-टू-सी, ड्रायव्हर्स या वाटेने गेलात की ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये उपकरणाचं नाव दिसेल, शेवटी ':००' असलेलं. ते नाव आधी 'अनबाइंड' आणि मग 'बाइंड' फाइलमध्ये लिहायचं. सुडो इको (मजकूर छापणारी कमांड) करून बाणाने ('>' या चिन्हाने) फाइलमध्ये पाठवलंत तर परवानगी नाकारली जाईल, कारण बाणाचं काम तुमच्या साध्या शेलकडे असतं. इकोचं आउटपुट पाइपने ('|' या चिन्हाने) सुडो टी-कडे (फाइलमध्ये लिहिणाऱ्या कमांडकडे) द्या.

एवढ्याने टच जिवंत झाला तर उपाय सापडला. याच दोन ओळींची स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या (सिस्टिमच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला एक्झिक्युटेबल करा. तिला पहिलं आर्ग्युमेंट झोपताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' मिळतं, तुम्ही फक्त 'पोस्ट'वर काम करा. टच यूएसबीवर असेल तर आधी त्या उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरमधली 'कंट्रोल' फाइल बघा. तिथे 'ऑटो' असेल तर 'ऑन' लिहून पाहा, म्हणजे कर्नल त्याला रिकाम्या वेळी झोपवणार नाही. शिवाय सिसएफएसच्या 'पॉवर'मधली 'मेम-स्लीप' फाइल वाचा. चौकटी कंसात असलेला प्रकार सध्या चालू आहे. 'एस-टू-आयडल' (हलकी झोप) आणि 'डीप' (गाढ झोप) हे दोन्ही असतील तर दुसरा वापरून बघा. नव्या लॅपटॉपांवर पुष्कळदा पहिलाच असतो, मग हा मार्ग नाही.

बाहेरचा मॉनिटर लावल्यावर स्पर्श भलत्याच जागी पडतो, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. एक्स-इलेव्हनवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर) असाल तर 'एक्सइनपुट'च्या 'मॅप-टू-आउटपुट'ने टचस्क्रीन लॅपटॉपच्या पडद्याला बांधा. वेलँडवर (त्याच कामाच्या नव्या यंत्रणेवर) ते चालणार नाही, तिथे हे काम डेस्कटॉपच करतो.

आधी बॅटरी बघा. मग इव्हटेस्टमधल्या बोट न लावता आलेल्या वीसेक ओळी आणि स्लीपमधून उठल्यानंतरचा डीमेसेज इथे टाका, कर्नलची आवृत्तीही लिहा. टच आय-टू-सीवर आहे की यूएसबीवर ते त्यातूनच कळेल, आणि स्क्रिप्टमध्ये नेमकं कुठलं नाव घालायचं ते मी सांगतो.