पुस्तकांवर हास्यचित्रे काढणाऱ्या तरुण चित्रकारास

प्रिय स्नेही,
अनेक शुभाशीर्वाद.

रविवार पुरवणीसाठी तू काढलेली साहित्यविषयक हास्यचित्रे सावकाश पाहिली. रेषेवर तुझी पकड आहे, विषय मात्र बरेचसे ऐकीव वाटले. संमेलनाध्यक्षपदाचा उमेदवार मतांसाठी दारोदार फिरतो आहे, हे चित्र एके काळी नेमके ठरले असते. पण ती निवडणूक बंद झाली आणि 2019 च्या यवतमाळ संमेलनाच्या अध्यक्षपदी अरुणा ढेरे निवडणुकीविना आल्या, हे ज्याला ठाऊक आहे तो वाचक त्यावर हसणार नाही. साहित्यव्यवहारावर हसवायचे, तर तो आज कसा चालतो हे जवळून पाहावे लागते.

त्यासाठी वसंत सरवटे यांची चित्रे अभ्यास. पेशाने ते इंजिनियर होते. तरीही ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे त्यांनी वर्षानुवर्षे काढली, आणि त्याच मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची जी खबर घेत, त्या ठणठणपाळाला हातोडा घेतलेले रूप सरवट्यांनीच दिले. त्यांच्या चित्रांत चेहऱ्याइतकीच माणसाची उभे राहण्याची ढब बोलते. असे निरीक्षण त्या जगाविषयी मनापासून आस्था असल्याशिवाय साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

लंडनच्या ‘द गार्डियन’मध्ये 2005 पासून पुस्तकांवर चित्रे काढणारे स्कॉटिश चित्रकार टॉम गॉल्ड यांची रीत वेगळी आहे. त्यांच्या एका चित्रात फक्त पुस्तकांचे कपाट आहे: वाचलेली, अर्धवट राहिलेली, सवडीसाठी राखून ठेवलेली आणि वाचल्याचा आव आणलेली पुस्तके निरनिराळ्या रंगांनी दाखवलेली. त्यात कोणा लेखकाची नक्कल नाही, तरी प्रत्येकाला आपलेच कपाट आठवते. प्रसिद्ध लेखकाचे नाक मोठे काढण्यापेक्षा (ते तुला फार सहज जमते, म्हणूनच सांगतो) हे कितीतरी अवघड आहे.

तुझ्या चित्रांपैकी प्रकाशन समारंभाचे मला खरे वाटले. वेष्टन सोडताना प्रमुख पाहुणे पुस्तकाचे नाव पहिल्यांदाच वाचत आहेत, हे तू कोणत्या तरी सभागृहात बसून पाहिलेले असणार. त्याखालच्या दोन ओळी मात्र काढून टाक, कारण चष्म्याआडून रोखलेले पाहुण्यांचे डोळे सगळे सांगतात. लेखक मागच्या रांगेत उभा आहे, त्याला पाहुण्यांच्या शेजारी आण, म्हणजे त्याला ते दिसते आहे हेही वाचकाला कळेल. एवढा बदल करून हेच चित्र आधी संपादकांकडे पाठव.

तुझा हितचिंतक