खाऱ्या वाऱ्याने धरलेली वायपरची दांडी

प्रश्न (मालवण) : गाडी समुद्राजवळ, फणसाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीत पाला साचून पाणी तुंबतंय. जाळी काढायला आधी वायपरच्या दांड्या काढाव्या लागतात. नट सुटला, पण दांडी हलत नाही. गॅरेजवाला हातोडीने ठोकू म्हणतो. ठोकावं का?

उत्तर : नाही, हातोडी लावूच देऊ नका. दांडीचं डोकं ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचं ओतीव असतं आणि ते मोटरने फिरणाऱ्या पोलादी खुंटीच्या निमुळत्या, दातेरी टोकावर बसतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे डोक्याचा धातू आतून खाल्लाच जातो. नटाच्या बुडाशी मिठासारखी पांढरी भुकटी दिसते, ती हीच. ही भुकटी फुगून दांडीला आवळून धरते. अशा वेळी ठोकलं तर खुंटीचं बुश (ज्यात खुंटी फिरते ती नळी) आणि खालचा सांधा ढिला होतो आणि पुढचा घाव काचेवर बसायचीही भीती असते.

आधी वायपर एकदा फिरवून त्याच्या बटणानेच बंद करा आणि तो खाली येऊन थांबला की मग चावी काढा. रबर जिथे टेकतं तिथे काचेवर कागदी चिकटपट्टी लावा. दोन्ही दांड्यांवर ‘चालक’ आणि ‘शेजारी’ असं लिहून ठेवा, कारण लांबी आणि बाक बहुतेक वेगळे असतात. काचेवर जाड टॉवेल घाला. स्प्रिंगची दांडी हातातून सुटली तर काच तडकू शकते.

नट पूर्ण काढू नका (बहुधा १३ किंवा १४चा लागतो). खुंटीच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा, म्हणजे आटे वाचतात आणि दांडी उसळत नाही. भुकटी ब्रशने झाडा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि अर्धा तास थांबा. इथे घाई केली की काम बिघडतं. मग दांडी सांध्यातून उभी करून डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. तरीही सुटलं नाही, तर बॅटरीचं टर्मिनल काढायचा छोटा दोन पायांचा पुलर लावा. पाय डोक्याखाली अडकवायचे, मधला स्क्रू खुंटीवर टेकवायचा आणि पाव-पाव फेरा द्यायचा. ‘टक्’ आवाज आला की सुटलं.

बसवताना खुंटीचे दाते पितळी ब्रशने कोरडे-स्वच्छ करा. दात्यांवर ग्रीस थापू नका, कारण निमुळता भाग घर्षणानेच पकड धरतो. ग्रीस हवंच असेल तर नट आवळून झाल्यावर वरून, नटावरच्या टोपीखाली थोडं लावा, खारं पाणी अडेल. चिकटपट्टीच्या खुणेवर रबर ठेवून नट आधी बोटांनी फिरवा, मग पाना लावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा जोर २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तरी आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस पुस्तिकेत पाहा. जास्त आवळलं तर डोक्यातले मऊ दाते चेपतात. कोरड्या काचेवर चाचणी नको. पाणी मारून आधी मंद, मग जलद चालवा आणि आठवड्याने नट पुन्हा तपासा.

प्रश्न (दापोली) : दांड्या काढून बसवल्यापासून चालकाकडचा वायपर काचेच्या कडेला आपटतो. रबर बदलावं का?

उत्तर : रबराचा दोष नाही. दांडी एक-दोन दाते पुढे बसली आहे किंवा मोटर मध्येच थांबलेली असताना बसवली गेली. बटणाने वायपर खाली आणून दांडी काढा आणि एकेक दाता मागे घेत बसवून पाहा.

प्रश्न (चिपळूण) : मोटरचा आवाज येतो, पण एक दांडी हलत नाही.

उत्तर : टोपी काढून नट पाहा. ढिला असेल तर वायपर लगेच बंद करा. ढिल्या नटावर खुंटी आत फिरत राहिली की डोक्यातले दाते तासले जातात. दाते शाबूत असतील तर आवळून भागेल. गुळगुळीत झाले असतील तर दांडीच बदला. आत पत्र्याची चकती घालून बसवलेली दांडी कुंभार्ली घाटातल्या जोराच्या सरीत पुन्हा सुटेल आणि समोरचं दिसेनासं होईल. खुंटीचे दाते पोलादी असल्याने ती बहुधा शाबूत राहते, त्यामुळे खर्च दांडीपुरताच येतो.