बडोद्याच्या भाच्याला ब्रिटनमध्ये 14 महिन्यांची कैद झाली, बायको ब्रिटिश आहे. तरी हद्दपार करतील का?

बायकोच्या पासपोर्टावर विसंबू नका. ब्रिटनच्या 2007 च्या सीमा कायद्यानुसार (UK Borders Act) परदेशी नागरिकाला एका गुन्ह्याला 12 महिने किंवा जास्त कैद झाली की हद्दपारीचा आदेश ठरलेलाच. युरोपीय मानवाधिकार करारातलं कलम 8, म्हणजे कौटुंबिक जीवनाचा हक्क, आड येऊ शकतं; पण बायको-मुलांवरचा परिणाम 'अवाजवी कठोर' ठरावा लागतो. नुसती ताटातूट पुरत नाही. मूल असेल तर शाळेची, डॉक्टरांची पत्रं जोडा. (4 वर्षं किंवा जास्त शिक्षा असती तर याहून अवघड.)

'भारतात कुणी नाही' हे तर अपिलात लिहूच नका. बडोद्यात दांडिया बाजारात त्याच्या आईवडिलांचं घर, त्याचं मराठी-गुजराती अस्खलित. मुद्दा तिथेच कोसळतो. अपिलाला निर्णय पाठवल्यापासून 14 दिवस. कागद कुरियरने नको, स्कॅन करून आजच वकिलाला मेल करा.