विंडोज आणि लिनक्स ब्लूटूथने जोडताना: पेअरिंग होतं, नेटवर्क का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लॅपटॉप विंडोज १०चा, दुसरा लिनक्स मिंटचा, घरात राउटर नाही. दोघांचं ब्लूटूथ पेअरिंग होतं, 'कनेक्टेड' असं क्षणभर दिसतं आणि लगेच जातं. तुम्हाला फायली इकडून तिकडे न्यायच्या आहेत आणि लिनक्सवरचं इंटरनेट विंडोजलाही द्यायचं आहे. हे नक्की जमतं, आणि वर्णनावरून दोन्ही मशिनांचं ब्लूटूथ ठीक दिसतंय.

पेअरिंगमध्ये दोन यंत्रं एकमेकांना ओळखतात आणि सुरक्षेच्या किल्ल्या साठवून ठेवतात, एवढंच. नेटवर्क हे त्यावरचं वेगळं काम. त्यासाठी पॅन (पर्सनल एरिया नेटवर्क) नावाचं प्रोफाइल, म्हणजे ते काम करण्याची ठरलेली पद्धत, आहे आणि त्यात भूमिका ठरलेल्या आहेत. एनएपी म्हणजे नेटवर्क पुरवणारा, पॅनयू म्हणजे त्याला येऊन जोडला जाणारा. (जीएन ही तिसरी भूमिका बाहेरच्या इंटरनेटशिवाय आपापसांतल्या गटासाठी असते, तिची तुम्हाला गरज नाही.) विंडोजवरून तुम्ही जोडायला जाता तेव्हा ते पॅनयू असतं. लिनक्सवर मुद्दाम काही सुरू केलं नसेल, तर तिथे एनएपी नसतोच. म्हणजे दोघेही पाहुणे, यजमान कुणीच नाही. मग टिकवून ठेवण्यासारखी सेवा न सापडल्यामुळे जोडणी सुटते.

म्हणून लिनक्सला एनएपी करा. विंडोजच्या मोबाइल हॉटस्पॉटमध्येही ब्लूटूथचा पर्याय असतो, पण तुमचं इंटरनेट लिनक्सवर आहे, शिवाय काय चाललंय ते लिनक्सवर जास्त स्पष्ट दिसतं. मिंटवर ब्लूमन (ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर) नसेल तर ते आणि डीएनएसमास्क ही दोन पॅकेजं बसवा. ब्लूमनच्या 'लोकल सर्व्हिसेस'मध्ये नेटवर्कचा भाग आहे. तिथे 'नेटवर्क अ‍ॅक्सेस पॉइंट'वर टिक करा, डीएचसीपीसाठी, म्हणजे आयपी पत्ते आपोआप वाटण्यासाठी, डीएनएसमास्क निवडा आणि तिथे दिसणारा आयपी पत्ता लिहून ठेवा. इंटरनेट पुढे पाठवण्याचे नियम ब्लूमन स्वतःच लावतं.

विंडोजवर खाली घड्याळाजवळच्या ब्लूटूथच्या चिन्हावर राइट-क्लिक करून 'जॉइन अ पर्सनल एरिया नेटवर्क' निवडा. उघडलेल्या खिडकीत लिनक्सचं नाव निवडून 'कनेक्ट युझिंग'मधून 'अ‍ॅक्सेस पॉइंट' घ्या. पेअरिंग आधीच झालेलं असलं तरी ही पायरी वेगळी करावीच लागते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

जोडलं गेलं की विंडोजला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर ब्लूटूथ जुळलंय पण डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही. अशा वेळी मिंटचं फायरवॉल तपासा. यूडीपीचं ६७ नंबरचं पोर्ट बंद असेल तर विंडोजची मागणी लिनक्सच्या दारातच अडते. पत्ता बरोबर आहे, विंडोजवरून लिनक्सला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते बघणारा संदेश) जातो पण उलट जात नाही, असं असेल तर विंडोजने या नेटवर्कला 'पब्लिक' धरलंय आणि त्याचं फायरवॉल अडवतंय. फक्त या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा. अख्खं फायरवॉल बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया ऐकू नका.

दोष कोणत्या बाजूला आहे ते कळत नसेल तर अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथ टेदरिंग (फोनचं इंटरनेट ब्लूटूथने देणं) सुरू करा. फोन तेव्हा एनएपी होतो. विंडोजला त्याच्यावरून नेट मिळालं तर विंडोजची बाजू ठीक आहे, शोध लिनक्सकडे वळवा.

फायलींसाठी सांबा (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) बसवत बसू नका. दोन-चार फायलींसाठी ते उगाच जड काम आहे. लिनक्सवर ओपनएसएसएच (दुसऱ्या मशिनशी सुरक्षित जोडणी करून देणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर बसवा. विंडोज १०मध्ये त्याचा क्लायंट २०१८पासून आलेला आहे, त्यामुळे एससीपी किंवा एसएफटीपी (त्याच जोडणीवरून फायली पाठवण्याच्या पद्धती) कमांड प्रॉम्प्टवरूनच चालतं.

आता वेगाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण अपेक्षाभंग इथेच होतो. ब्लूटूथ ५ लिहिलेलं असलं तरी पॅन चालतं ते जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर. त्याची कमाल हवेतली गती सेकंदाला ३ मेगाबिट, आणि हाती लागते ती फार तर २च्या आसपास. ७०० मेगाबाइटची फाइल सगळं सुरळीत चाललं तरी पाऊण तास घेते. त्यातच लिनक्सचं इंटरनेट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरून येत असेल तर दोघं एकाच पट्ट्यात आणि बहुतेकदा एकाच कार्डावर भांडतात. शक्य असेल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. ब्लूटूथ डाँगल वापरत असाल तर तो यूएसबी ३च्या पोर्टाजवळ लावू नका. त्या पोर्टांचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डाँगल दूर नेला की फरक दिसतो.

कागदपत्रं, कोड, टर्मिनल, मेल यांसाठी ही जोडणी मला खरोखर आवडते: वीज कमी खाते, राउटर लागत नाही. फोटोंचा पूर्ण बॅकअप हलवायचा असेल तर मात्र दोन लॅपटॉपांमध्ये थेट लॅनची केबल लावा. गिगाबिट पोर्टांना उलटसुलट जोडणीची खास केबल लागत नाही, साधी चालते.

काम झाल्यावर दोन्हीकडचं 'डिस्कव्हरेबल' (आसपासच्या इतर यंत्रांना दिसणं) बंद करा. तरीही अडलं तर विंडोजला मिळालेला आयपी पत्ता आणि मिंटची आवृत्ती इथे लिहा, पुढे बघू.