भावाच्या नावावर सुपारीचे कंटेनर

प्रश्न : वकीलताई, माझा धाकटा भाऊ ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर आहे. तिथे येणाऱ्या एकाने त्याचं आधार-पॅन घेऊन त्याच्या नावे फर्म काढली, कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या. महिन्याला १५ हजार देत होता. आता डीआरआयचं (तस्करी पकडणाऱ्या महसूल गुप्तचर खात्याचं) समन्स आलंय. न्हावा शेवा बंदरात फर्मच्या कंटेनरमध्ये कागदावरचा माल नव्हता, सुपारी निघाली. तो माणूस म्हणतो, 'फर्मचा मालक तूच आहेस असं सांग, दंड मी भरतो.' काय करावं?
— एक भगिनी, कळंबोली

उत्तर : ताई, भावाने तसं अजिबात सांगू नये. कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खालचा जबाब पोलीस चौकीतल्या जबाबासारखा नसतो, तो कोर्टात पुरावा म्हणून पुढे येतो. शिवाय तिथे खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा.

'दंड मी भरतो' याने काहीच मिटत नाही. बुडवलेलं शुल्क, त्यावरचं व्याज आणि शुल्काइतका दंड ही झाली विभागाची वसुली. कलम १३५ चा फौजदारी खटला निराळा चालतो. सुपारीवर मूळ सीमाशुल्कच १०० टक्के, त्यामुळे एकदोन कंटेनरमध्येच बुडवलेली रक्कम ५० लाखांच्या पुढे जाते. त्यापुढे गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची असेल, तर कायद्याच्या लेखी भाऊ आणि फर्म एकच. वसुली त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर येईल. राहतं घर कोणाच्या नावावर आहे, ते मला कळवा.

आता सगळ्यात अवघड भाग. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून सुटका नाही. कलम १३८अ प्रमाणे कोर्ट आरोपीला माहिती होती असंच धरून चालतं. नव्हती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं, तेही संशयाला जागा न ठेवता. दरमहा पैसे घेतल्यामुळे ते आणखी कठीण होईल, तरी ती गोष्ट लपवू नका.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कागदावर नाव कोणाचंही असो, मालावर खरा ताबा ज्याचा, तोही आयातदार धरला जातो. पण त्याच्यापर्यंत पोचायला धागा लागतो. तो तुटला की फाइल ड्रायव्हर, शिपाई, हमालाच्या नावावर येऊन थांबते. अशा फाइली मी पाहिल्यात आणि प्रत्येक वेळी चीड आली आहे. हा धागा तुमच्या भावाच्या हातात आहे. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड) आणि जीएसटी नोंदणीला मोबाइल नंबर कोणाचा दिलाय? ओटीपी कोण मागायचा? १५ हजार कोणत्या खात्यातून यायचे? कस्टम ब्रोकरचं, म्हणजे माल सोडवून देणाऱ्या एजंटचं बिल कोण भरायचं? ग्राहक खरा आहे का, दिलेल्या पत्त्यावर धंदा चालतो का, हे पडताळणं ब्रोकरवर बंधनकारक असतं. फर्म काढणारा तो माणूस कधी घरी आला होता का, हेही भावाने जबाबात सांगावं.

व्हॉट्सअॅपमधलं एक अक्षरही पुसू नका, फोन विकू नका. बँकेत आजच लेखी अर्ज देऊन चेक थांबवा आणि खात्याचा उतारा घ्या. आयईसीचा गैरवापर झाल्याचं डीजीएफटीला (हा कोड देणाऱ्या परकीय व्यापार महासंचालनालयाला) कळवा आणि पोच जपून ठेवा. समन्सची तारीख चुकवू नका. वकील सोबत न्या. परवानगी मिळाली, तर तो दिसेल इतक्या अंतरावर बसू शकतो, बोलणं मात्र त्याला ऐकू येणार नाही. म्हणून सगळी तयारी आदल्या दिवशीच करा. वकिलाची फी परवडत नसेल, तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.