तुमचे प्रश्न: तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, मग गावाला कधी?

हायब्रिडवर, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून काम यावर, इतके प्रश्न येऊन पडलेत की या वेळी बाकीचे विषय बाजूलाच ठेवले. पत्रं छोटी केलीयेत, गावं तशीच ठेवलीयेत.

प्रश्न: मी अमळनेरचा, पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे. कंपनीने आता मंगळ-बुध-गुरू ऑफिस कंपल्सरी केलंय, सोमवार-शुक्रवार घरून. घरचे म्हणतात मग इकडेच येऊन राहा ना, आबांचं पण वय झालंय, शेताकडे बघणारं कोणी नाही. मला पण वाटतं पण हिशोब बसत नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, हिशोब बसत नाहीये कारण हा हायब्रिड ज्यांच्यासाठी बनवलाय ते वाकड नाहीतर कोथरूडला राहतात. त्यांचे दोन दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटतात, पेट्रोल वाचतं, दुपारी घरचं गरम जेवण, विषय संपला. तुमचं तसं नाही, तुम्हाला पुण्यातली खोली सोडता येत नाही, भाडं महिनाभराचंच जातं, आणि वर गुरुवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडून शुक्रवारी पहाटे अमळनेरला उतरायचं, आंघोळ करून लॅपटॉप उघडायचा आणि सोमवारी काम संपवून परत रात्रीची गाडी. महिन्यातून दोनदा हे चालतं. दर आठवड्याला केलं तर दिवाळीपर्यंत पाठ बोलायला लागेल, आणि सणाच्या टायमाला ट्रॅव्हल्सवाले तिकीट कुठे नेऊन ठेवतात ते तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून मॅनेजरकडे जास्त दिवस मागू नका, तेच दिवस जोडून मागा. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याचे बारा-तेरा दिवस ऑफिस होतं, ते सलग दोन-अडीच आठवड्यात करून टाकले तर उरलेले दहा-बारा दिवस सलग गावाला मिळतात. महिन्याच्या हिशोबाने ऑफिस ही काही जगावेगळी मागणी नाहीये, इन्फोसिसने मार्च 2025 पासून ठरावीक लेव्हलपर्यंतच्या लोकांना महिन्यात किमान 10 दिवस ऑफिस असाच नियम केलाय. आता तुमचा मॅनेजर म्हणेल की टीम मंगळ-बुध-गुरू एकत्र बसते म्हणून तर ते दिवस ठरवलेत, आणि त्यात तो चुकीचा नाही, कारण सगळे वेगवेगळ्या दिवशी आले तर ऑफिसात बसूनसुद्धा हेडफोन लावून कॉलच करायचे, मग यायचं कशाला. तेव्हा टीममध्ये अजून कोण लांबचं आहे बघा, सोलापूरचा असेल, नागपूरचा असेल, चार जण मिळून एकच पंधरवडा मागा. एकट्याला नाही म्हणणं सोपं असतं.

कंपनीला यात काय मिळतं हे पण सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती विनंती होते. ट्रिप डॉट कॉम या चिनी ट्रॅव्हल कंपनीत 2021-22 मध्ये 1,600 च्या वर लोकांवर याचा प्रयोग झाला, स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2024 ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला. वाटणी जन्मतारखेवरून केली, विषम तारीखवाल्यांना बुधवार-शुक्रवार घरून, सम तारीखवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. सहा महिन्यांत घरून काम करणाऱ्या गटात राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. पुढे दोन वर्षं रिव्ह्यू आणि प्रमोशन तपासले तर दोन गटांत फरक निघाला नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे राजीनाम्यातली घट मॅनेजर नसलेल्यांमध्ये, बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये दिसली. एक माणूस सोडून गेला की नवीन शोधा, शिकवा, तोपर्यंत प्रोजेक्ट लटकलेला, हा सगळा खर्च मॅनेजरला तोंडपाठ असतो, तिथून बोलायला सुरुवात करा.

पण पुण्यातली खोली एकदम सोडू नका. टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्केच लोक ऑफिसात लागतील, आणि 2023 मध्ये त्याच कंपनीने पाच दिवस ऑफिसला बोलावलं. पॉलिसी एका मेलवर बदलते. तेव्हा फ्लॅट असेल तर तो सोडून शेअरिंगमध्ये जा, पण पाय ठेवायला जागा असू द्या. गावाकडे फायबरची लाईन, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला आणि राऊटरसकट चालेल असा इन्व्हर्टर एवढं आधी करा. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा 45 ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप पण दम टाकतो, कूलरवाली खोली आबांकडून आत्ताच मागून घ्या. आणि शेत? कामाच्या वेळेत शेत नाही. सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी. मीटिंगमध्ये मोटरचा आवाज आला की गावाला राहणाऱ्या सगळ्यांचीच नावं खराब होतात.

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाईपचं युनिट आहे. ऑफिस स्टाफ नऊ जण. अकाउंटची मुलगी आणि डिझाईन बघणारा मुलगा दोघंही आठवड्यातून दोन दिवस घरून मागतायत. दिले तर मशीनवरचे म्हणतील आम्हाला का नाही. आणि घरी बसून काम करतील याची गॅरंटी काय?

उत्तर: गॅरंटी ऑफिसात तरी कुठे आहे शेठ, खुर्चीत माणूस दिसतो म्हणून आपल्याला बरं वाटतं इतकंच. त्याच ट्रिप डॉट कॉमच्या प्रयोगात मॅनेजर लोकांना आधी वाटत होतं की घरून कामाने काम घसरेल, प्रयोग संपेपर्यंत त्यांचंच मत पालटलं. तुमच्या अडचणीचं खरं कारण वेगळं आहे. तुम्ही जळगावचा पगार देताय आणि हीच पोरं जळगावात बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरून करू शकतात. तिकडच्या पगाराशी तुम्ही भिडू शकत नसाल तर दोन दिवस हा तुमच्याकडचा सगळ्यात स्वस्त इन्क्रिमेंट आहे.

दिवस कामावरून ठरवा. जीएसटीची दर महिन्याची दोन रिटर्न, जीएसटीआर-1 ची 11 तारीख आणि 3बी ची 20 तारीख, या दोन्हीच्या आधीचे तीन-चार दिवस अकाउंटवाली ऑफिसात, कारण तेव्हा बिलं, चलनं, डिस्पॅचवाल्याने खिशात ठेवलेली चिठ्ठी हे सगळं हाताशी लागतं. बाकी दिवशी टॅली बाहेरून उघडेल अशी सोय करून घ्या, ई-वे बिल तर घरूनही निघतं. डिझाईनवाल्याला ज्या दिवशी नवीन डायची ट्रायल असेल त्या दिवशी मशीनपाशीच उभं राहायला पाहिजे, ड्रॉइंग काढायला घर चांगलं, कोणी हाका मारत नाही. मोजायचं असेल तर काय संपलं ते मोजा. दर दहा मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर लावू नका, पोरं माऊस हलवायला शिकतील बस.

मशीनवरच्यांचं म्हणणं मात्र रास्त आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना घर देता येत नाही, पण शिफ्ट आपसात बदलायची मोकळीक, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला), कानबाईच्या रोटाच्या सणाला सुट्टी आधीच पक्की, हे देता येतं. घरून कामाची बातमी आणि ही बातमी एकाच दिवशी सांगा.

प्रश्न: माझी बाळंतपणाची सुट्टी संपत आलीये, बाळ सहा महिन्यांचं. सध्या धुळ्याला माहेरी आहे, नोकरी नाशिकला. मैत्रीण म्हणते आता कायद्याने घरून काम द्यावंच लागतं. खरं का?

उत्तर: अर्धं खरं. बाळंतपणाच्या सुट्टीच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी सुट्टी 26 आठवडे झाली आणि त्यासोबत घरून कामाचं कलम आलं, आता सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण त्याची भाषा अशी आहे की कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालक आणि बाई यांच्यात ठरेल त्या अटींवर आणि तेवढ्या काळासाठी. म्हणजे मागायचा आधार मिळाला, हक्क नाही मिळाला. 50 किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय मात्र कंपनीला करावी लागते, ते जरूर विचारा.

मागताना तारखा घालून लेखी मागा. पहिले तीन महिने आठवड्यात एक दिवस नाशिक, पुढे दोन, मग तीन, असं चढतं ठेवा, म्हणजे समोरच्याला शेवट दिसतो. आणि ताई, बाळ मांडीवर घेऊन काम होतं हा गैरसमज आहे, आई किंवा वहिनी कामाच्या वेळेत पूर्ण बाळाकडे बघणार असेल तरच हे जमतं. तुम्ही घरीच आहात म्हटल्यावर भाजी निवडायला, आलेल्या पाहुण्याला चहा टाकायला तुम्हालाच हाक येणार, त्यामुळे दार लावायची परवानगी घरात पहिल्या दिवशीच घ्या.

प्रश्न: शिरपूरला इंजिनिअरिंग झालं, पहिलीच नोकरी लागली. कंपनी म्हणते हवं तर फुल घरून कर. पैसे वाचतील म्हणून घरूनच करू का?

उत्तर: पैसे वाचतील, शिकायचं राहील. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सचा अभ्यास झालाय, त्यात टीमच्या जवळ बसणाऱ्यांना कोडवर जास्त शेरे, जास्त सूचना मिळत होत्या आणि नवीन लोकांना, त्यातही मुलींना, त्याचा जास्त उपयोग होत होता. सिनिअरचा वेळ जातो त्यात, म्हणून तो स्वतःहून फोन करून शिकवणार नाही. दुसरं म्हणजे वर सांगितलेल्या ट्रिप डॉट कॉममध्येच (तेव्हा नाव सीट्रिप) 2010 च्या शेवटी कॉल सेंटरवाल्यांना आठवड्यात चार दिवस घरी बसवून बघितलं होतं, काम 13 टक्के वाढलं, पण तेवढंच काम करून प्रमोशन मात्र कमी मिळालं. प्रयोगानंतर घरवाल्या गटातले निम्मे लोक आपणहून ऑफिसला परत गेले, एकटं वाटतं म्हणून. त्यामुळे पहिलं वर्ष तरी जिथे टीम बसते तिथे खोली घे, शुक्रवार घरून माग, आणि शिरपूरला सणाला जोडून ये.

प्रश्न: आमचा पोऱ्या चोपड्यात घरी बसून काम करतो. स्थळं येतात तर विचारतात मुलगा करतो काय, घरी बसलाय म्हटलं की पुढचं बोलणंच होत नाही. काय सांगावं?

उत्तर: काकू, "घरी बसलाय" हे दोन शब्द आधी टाकून द्या. कंपनीचं नाव सांगा, पगार सांगा, आणि महिन्यातून चार दिवस पुण्याला ऑफिसला जातो हे सांगा. जात नसेल तर पाठवा त्याला.